सैरंध्रीचें अरण्य आणि केरळचे शास्त्रसेवक

मुळशीच्या मावळ्यांनीं १९२१ सालीं टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह मांडला, तेव्हां तो कां मांडला हें कोणास समजावून सांगावें लागलें नाहीं. ज्याचें भातखाचर पाण्याखालीं जाणार तो आडवा झाला, आणि सेनापती बापटांसारखा पुरुष त्याच्या पाठीशीं उभा राहिला. लढा हरला, परंतु महाराष्ट्राच्या स्मरणांतून तो अद्याप गेलेला नाहीं. याच सह्याद्रीच्या दक्षिणेकडील रांगेंत अर्धशतकानंतर धरणाविरुद्ध दुसरा एक लढा झाला, त्यांत बुडणारें शेत कोणाचेंच नव्हतें. बुडणार होतें तें निर्मनुष्य अरण्य. आणि तें वांचविण्यास जे पुढें आले ते बहुतेक त्या अरण्यापासून दूर राहणारे शाळामास्तर व प्राध्यापक. त्यांस यांतून मिळावयाचें कांहींच नव्हतें, गमवावयाचें मात्र बरेंच होतें. या लढ्याचा इतिहास सांगतांना पंतप्रधान व नामांकित शास्त्रज्ञ यांचीं नांवें नेहमीं पुढें येतात. माझ्या मतें त्याचा गाभा या बिनपगारी मंडळींच्या कामांत आहे.

केरळांतील पालघाट जिल्ह्यांत, निलगिरीच्या नैर्ऋत्य अंगास हें अरण्य आहे. त्याचें जुनें नांव सैरंध्रीचें वन, आणि त्यांतून वाहणारी नदी ती कुंती. अज्ञातवासांतील द्रौपदीचें नांव मराठी वाचकास विराटपर्वांतून परिचित आहेच. पांडव येथें येऊन राहिले होते अशी तिकडील लोकांची समजूत आहे, आणि तशी समजूत हिंदुस्थानांतील कोणत्या डोंगराविषयीं नाहीं? इंग्रजांनीं त्यास 'सायलेंट व्हॅली' म्हणजे निःशब्द खोरें असें नांव दिलें. रातकिड्यांची किरकिर तेथें ऐकूं येत नाहीं म्हणून तें पडलें, असें सांगतात. भोंवतालच्या उंच कड्यांमुळें कुऱ्हाड व रस्ता हीं दोन्ही तेथें उशिरां पोंचलीं, आणि एके काळीं पश्चिम घाटावर सर्वत्र असलेलें सदाहरित अरण्य येथें बव्हंशीं अखंड राहिलें. सिंहपुच्छ नांवाचा, काळ्या अंगाचा व मुखाभोंवतीं करड्या आयाळीचा दुर्मिळ वानर या अरण्यांत आढळतो. पुढें वादांत या वानराच्या वांट्यास फार मोठी प्रसिद्धि आली. ती त्यास नको असतांही आली असें म्हणावयास हरकत नाहीं.

सैरंध्री येथील नदीची घळ अरुंद आहे, म्हणून १९२८ पासूनच ती धरणास सोयीची जागा म्हणून हेरून ठेवलेली होती. १९७३ सालीं नियोजन मंडळानें जलविद्युत्-योजनेस मान्यता दिली. योजना १२० मेगॅवॉटची होती, व पुढें ती दुप्पट करण्याचा विचार होता. बुडीत क्षेत्र सुमारें ८३० हेक्टर होतें. या योजनेच्या मागें दुष्ट बुद्धि होती असें मुळींच नव्हे. मलबारचा प्रदेश १९५६ पर्यंत मद्रास राज्याखालीं होता, आणि त्रावणकोर-कोचीनच्या मानानें शाळा, कारखाने, वीज या सर्वच बाबतींत मागें राहिला होता. तेथील तरुणांस काम हवें होतें, शेतास पाणी हवें होतें. राज्यांतील सारे प्रमुख पक्ष, एरवीं एकमेकांचें तोंड न पाहणारे, या योजनेच्या बाबतींत मात्र एकमतानें बोलत होते. वीजमंडळाच्या कामगारांच्या संघटनांसही ती हवी होती. अशा गोष्टीस विरोध करणें म्हणजे शेजाऱ्याच्या घरांतील दिवा विझविण्यास निघण्यासारखें होतें.

तो विरोध ज्या संस्थेनें अंगावर घेतला ती केरळ शास्त्र साहित्य परिषद १९६२ सालीं कोळिकोडें येथें स्थापन झाली. आरंभीं तिचा हेतु अगदीं साधा होता: मल्याळम् भाषेंत शास्त्रीय लेखन व्हावें. के. जी. अडियोडी, पी. टी. भास्कर पणिक्कर प्रभृति लेखकांनीं ती काढली. १९६६ सालीं 'शास्त्रगति' हें मासिक निघालें, आणि नंतरच्या चार वर्षांत विद्यार्थ्यांसाठीं 'शास्त्रकेरळम्' व लहान मुलांसाठीं 'युरेका' हीं नियतकालिकें सुरू झालीं. लेखकांची संस्था पाहतां पाहतां शिक्षकांची झाली, कारण मासिकें वांचणारा, खपविणारा व त्यांतला मजकूर वर्गांत सांगणारा शिक्षकच होता. केरळांत गांवोगांव वाचनालयें होतीं. परिषदेचीं व्याख्यानें तेथेंच होत. सरकारी मदतीवर किंवा परदेशांतील देणगीवर संस्था चालवावयाची नाहीं, पुस्तकें दारोदार विकून खर्च भागवावयाचा, हा तिचा शिरस्ता होता. १९७७ च्या ऑक्टोबरांत कार्यकर्त्यांची एक शास्त्रयात्रा राज्याच्या उत्तर टोंकाकडून दक्षिणेकडे सभा घेत गेली. आणि सुट्टींत, पदरच्या पैशानें, अनोळखी गांवांत जाऊन बोलणारी माणसें राज्यभर तयार झालीं. अरण्याचा प्रश्न उभा राहिला त्या वेळीं ही फळी अगोदरच उभी होती, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. अरण्यासाठीं माणसें जमविलीं नाहींत. भाषेसाठीं व शास्त्रासाठीं जमलेलीं माणसें अरण्याच्या उपयोगीं पडलीं.

मध्यंतरीं मध्यवर्ती सरकारनें नेमलेल्या एका मंडळानें १९७६ सालीं योजनेचा विचार केला होता. मुंबईचे पक्षिमित्र झफर फतेहअल्ली त्याचे अध्यक्ष होते. योजना सोडून द्यावी असें मंडळानें सुचविलें, आणि सोडणें अशक्यच असेल तर अमुक सतरा अटी पाळाव्या असेंही त्याच्या जोडीस लिहिलें. सज्जनांच्या हातून अशा गोष्टी नेहमीं होतात. केरळ सरकारनें पहिलें वाक्य सोडलें व दुसरें धरलें. १९७९ सालीं अटींच्या पालनासाठीं स्वतंत्र कायदाही केला. मोरारजी देसाई यांच्या सरकारनेंही योजनेस वाट मोकळी करून दिली.

परिषदेंत हा विषय वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद यांनीं 'शास्त्रगती'ंतील लेखानें आणला. त्यावर सर्वांनीं माना डोलावल्या असें समजूं नये. परिषदेंत अभियंते होते, वीजमंडळाचे नोकर होते, वीज म्हणजेच प्रगति असें मनापासून मानणारे होते. शास्त्रप्रसार करणाऱ्या संस्थेनें धरणास विरोध करावा हेंच कित्येकांस विपरीत वाटलें. वाद झाला, आणि त्यांतून भावनेच्या आवाहनापेक्षां अधिक कांहीं निघालें. १९७९ सालीं पांच जणांनीं मिळून योजनेची तपासणी करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. प्रसाद हे त्यांपैकीं एक, दुसरे एम. पी. परमेश्वरन्, जे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांत काम केलेले अभियंते होते. शिवाय विद्युत्-शास्त्राचे व्ही. के. दामोदरन्, शेतीशास्त्राचे के. एन. श्यामसुंदरन् नायर व अर्थशास्त्रज्ञ के. पी. कण्णन्. अरण्य सुंदर आहे एवढेंच सांगून ते थांबले नाहींत. मलबारास वीज खरोखर कां मिळत नाहीं, हा प्रश्न त्यांनीं विचारला. इडुक्कीची मोठी योजना १९७६ सालीं चालूं झाली होती आणि राज्य आपली शिल्लक वीज शेजारच्या राज्यांस विकीत होतें. मग उणीव विजेची कीं ती मलबारापर्यंत नेणाऱ्या तारांची? पुढें मागणी वाढल्यास कोळशावरील केंद्र उभारतां येईल, तेंही त्यांनीं मांडलें. वानराची बाजू मांडणारे लोक हिशेबाच्या वहीसह आले, हें विरोधकांस अगदीं अनपेक्षित होतें.

पुस्तिका लिहिणें पांच जणांचें काम. ती घरोघर नेणें हजारोंचें. येथें स्वयंसेवकाची खरी कसोटी लागली. परिषदेंतील पुष्कळ कार्यकर्ते डाव्या विचारांचे, आणि डावे पक्ष योजनेच्या बाजूचे. पक्षाच्या सभेंत ज्यांच्या शेजारीं बसावयाचें, त्यांच्याच विरुद्ध दुसऱ्या दिवशीं वाचनालयांत बोलावयाचें, असा तो प्रसंग होता. माणूस मोठा कीं माकड, हा प्रश्न त्यांस पुन्हां पुन्हां टाकला जाई, आणि गरीब प्रदेशांत तो प्रश्न पोकळ नसतो. त्यास उत्तर देण्यासाठीं मास्तरांस आधीं स्वतः शिकावें लागलें: पर्जन्याचें पाणी अरण्य कसें धरून ठेवतें, वीज किती अंतरावर किती वायां जाते, एका युनिटाचा खर्च कसा काढतात. जी गोष्ट एरवीं कचेरीच्या कपाटांत राहिली असती, ती या रीतीनें मल्याळम् भाषेंत चहाच्या दुकानापर्यंत आली.

मग इतरही आले. कवयित्री सुगतकुमारी व त्यांचे सहकारी साहित्यिक अरण्याच्या बाजूनें उभे राहिले, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सालीम अली यांनीं आपलें वजन टाकलें, एम. एस. स्वामीनाथन् यांनीं हा प्रदेश राखीव ठेवण्याची शिफारस केली. उच्च न्यायालयानें जानेवारी १९८० मध्यें योजनेविरुद्धचा अर्ज फेटाळला, परंतु त्याच महिन्यांत इंदिरा गांधी पुन्हां अधिकारावर आल्या व काम थांबलें. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखालीं नवी समिति बसली. पुण्याचे माधव गाडगीळ तिचे एक सदस्य होते. १९८३ सालीं योजना सोडण्यांत आली, १९८४ च्या नोव्हेंबरांत सुमारें ९० चौरस किलोमीटरांचें राष्ट्रीय उद्यान जाहीर झालें, आणि ७ सप्टेंबर १९८५ रोजीं राजीव गांधी यांनीं त्याचें उद्घाटन केलें.

आतां एक गोष्ट स्पष्ट बोललें पाहिजे. निर्णय दिल्लीस झाला. केरळच्या विधानसभेनें किंवा मण्णार्क्काडच्या मतदारांनीं तो केला नाहीं. परिषदेनें सामान्य लोकांस समजावण्याचा मार्ग धरला होता, आणि यश मात्र सत्ताधीशाच्या इच्छेनें आलें. ही विसंगति परिषदेच्या चाहत्यांनीं झांकून ठेवूं नये. परंतु दिल्लीस हा निर्णय घेतां येण्यासाठीं विजेच्या प्रश्नास विजेच्याच भाषेंत दिलेलें उत्तर टेबलावर असणें अवश्य होतें. सुंदर अरण्यें हिंदुस्थानांत पुष्कळ बुडालीं. त्यांची बाजू घेऊन हिशेब तपासणारी, राज्यभर पसरलेली संस्था मात्र त्यांस लाभली नाहीं. १९९६ सालीं परिषदेस स्वीडनमधील 'राइट लाइव्हलिहूड' पारितोषिक मिळालें.

विजेची गरज कांहीं नाहींशी झाली नाहीं. याच नदीवर, उद्यानाच्या सीमेबाहेर थोडें खालीं, पात्रक्कडवु येथें धरण बांधण्याचा प्रस्ताव २००१ सालीं पुढें आला आणि परिषदेच्या जुन्या मंडळींस पुन्हां वह्या उघडाव्या लागल्या. २००९ सालीं उद्यानाभोंवतीं १४८ चौरस किलोमीटरांचा संरक्षक पट्टा जोडण्यांत आला. पुढें २०१२ सालीं पश्चिम घाटांतील ३९ स्थळें जागतिक वारशाच्या यादींत घेतलीं गेलीं. त्यांत सैरंध्रीचें हें अरण्य आहे, साताऱ्याचें कास पठार आहे, आणि धरण बांधून झालेल्या शिवसागराच्या कांठचें कोयनेचें अभयारण्यही आहे.