सूचनाफलक व धोक्याचे संकेत : यात्रास्थळांच्या सुरक्षिततेचा आधार

देवस्थानाच्या आवारात, नदीकाठच्या घाटांवर व यात्रेच्या वाटेवर ठिकठिकाणी फलक, दिवे व ध्वज दिसतात, तसेच भोंगे ऐकू येतात. दर्शनाच्या ओढीत त्यांकडे बहुधा दुर्लक्ष होते. तथापि गर्दीच्या प्रसंगी याच खुणा अनेकांचे प्राण वाचवितात. त्यांचा अर्थ प्रत्येक भाविकास ठाऊक असावा, या हेतूने पुढील माहिती दिली आहे.

संकेताचा अभाव व खोटा संकेत

एप्रिल २००५ मध्ये मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात, नर्मदाकाठी धाराजी येथे भूतडी अमावास्येच्या मेळ्यास मोठा जनसमुदाय जमला होता. वरच्या बाजूच्या इंदिरासागर धरणातून पाणी सोडण्यात आले, परंतु त्याची पूर्वसूचना काठावरील भाविकांपर्यंत पोहोचली नाही. अचानक चढलेल्या पाण्यात साठांहून अधिक भाविकांचा अंत झाला. दतिया जिल्ह्यातील रतनगड माता मंदिराजवळही असाच प्रसंग घडला. ऑक्टोबर २००६ मध्ये सिंध नदी ओलांडणारे सुमारे पन्नास भाविक धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले.

पुढे त्याच ठिकाणी नदीवर पूल झाला. १३ ऑक्टोबर २०१३ रोजी नवरात्राच्या गर्दीत तो पूल तुटत असल्याची अफवा पसरली आणि चेंगराचेंगरीत शंभराहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. पूल मात्र जागच्या जागी उभा होता. प्रथम खरा संकेत मिळाला नाही म्हणून माणसे गेली, नंतर खोट्या संकेतामुळे गेली. विश्वासार्ह सूचना जेथे नसते, तेथे तिची जागा अफवा घेते, हाच या घटनांचा बोध होय.

रंग व आकार यांची भाषा

सुरक्षाचिन्हांसाठी आंतरराष्ट्रीय मानके ठरलेली आहेत, तसेच भारतीय मानकही आहे. अक्षरओळख नसलेल्या किंवा परभाषी व्यक्तीसही अर्थ कळावा, अशी त्यांची रचना असते.

१) लाल वर्तुळ व तिरपी रेघ : मनाई. उदा. प्रवेश बंद, धूम्रपान निषिद्ध.
२) पिवळा त्रिकोण व काळी किनार : धोक्याचा इशारा. उदा. विजेचा धक्का, निसरडी जागा. रस्त्यावरील सावधानतेच्या फलकांवर मात्र पांढऱ्या त्रिकोणास लाल किनार असते.
३) निळे वर्तुळ : अवश्य पाळावयाची आज्ञा.
४) हिरवा चौकोन किंवा आयत : सुरक्षित मार्ग, संकटकाळी बाहेर पडण्याचे दार, प्रथमोपचार.
५) लाल चौकोन : अग्निशामक साधनांची जागा.

दाराकडे धावणाऱ्या माणसाचे हिरवे चित्र आज बहुतेक मोठ्या सभागृहांत दिसते. ते जपानी संकल्पक युकिओ ओता यांच्या कल्पनेतून साकारले. आपण सभामंडपात शिरताना हे चित्र कोठे आहे ते पाहून ठेवावे. धूर झाल्यावर ते शोधण्यास अवधी मिळत नाही.

रेल्वे फलाटाच्या कडेजवळ उंचवटे असलेल्या पिवळ्या फरशा असतात. त्यांची कल्पना सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये जपानमध्ये मांडली. गोल उंचवटे म्हणजे 'थांबा, पुढे धोका'. लांबट पट्ट्या म्हणजे 'या दिशेने चला'. या फरशा दृष्टिहीनांचे डोळेच असल्याने त्यांवर पादत्राणे वा सामान ठेवू नये.

गोव्यास देवदर्शनाबरोबर समुद्रस्नानासाठी जाणाऱ्यांनी ध्वजांची खूण लक्षात ठेवावी. वर लाल व खाली पिवळा पट्टा असलेल्या दोन ध्वजांमधील पाण्यावर जीवरक्षकांचे लक्ष असते. केवळ लाल ध्वज असल्यास पाण्यात उतरू नये.

फलकाची मर्यादा

फलक धोका दाखवितो, दूर करीत नाही. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेव येथे नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. अरुंद वाटेवरील गर्दीत माणसे घसरली आणि सुमारे तीनशे भाविकांचा मृत्यू झाला. अशा ठिकाणी 'सावकाश चाला' एवढा फलक पुरेसा नाही. नारळ फोडण्याची जागा वेगळी असणे व पायऱ्या कोरड्या राहणे अगत्याचे आहे. ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीस, इंदूरच्या एका मंदिरात बावडीवरील छत कोसळून ३६ जण दगावले. पायाखाली झाकलेला धोका डोळ्यांना दिसत नाही. म्हणून अशी जागा कठड्याने बंद करणे व तेथे गर्दी होऊ न देणे हाच उपाय होय.

विश्वस्त मंडळांनी लक्षात ठेवावे

१) फलक मराठीसह स्थानिक भाषेत व चित्रासहित असावा. तो गर्दीच्या डोक्यावरून दिसेल इतक्या उंचीवर लावावा.
२) बाहेर पडण्याच्या मार्गावरील फलक वीज गेल्यावरही दिसले पाहिजेत.
३) ध्वनिक्षेपकावरून घोषणा एकाच केंद्रातून व्हावी. 'पळा', 'आग' असे ओरडण्याऐवजी कोणी कोणत्या दिशेने जावे हे शांतपणे, पुनःपुन्हा सांगावे.
४) नदीकाठी उत्सव असल्यास धरण व्यवस्थापनाशी आधीच संपर्क ठेवावा. भोंग्याचा अर्थ भाविकांना आदल्या दिवसापासून सांगावा.
५) कालबाह्य फलक काढून टाकावेत. खोटे ठरलेले फलक खऱ्या फलकांवरील विश्वासही घालवितात.

भाविकांस विनंती

भोंगा वाजताच पाण्याबाहेर यावे व उंच जागी जावे. आपले सामान पाहत थांबू नये. ऐकीव वार्ता पुढे सांगण्यापूर्वी स्वयंसेवकास वा पोलिसास विचारावे. संकटप्रसंगी ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा. लहान मुलांना या खुणांचा अर्थ आवर्जून सांगावा. आपण फलकाचा मान राखल्यास मागून येणाराही तो राखतो, आणि सर्वांची यात्रा सुखरूप पार पडते.