सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च, ठाणे

ठाणे शहरातील जुने रोमन कॅथलिक चर्च. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नावाने ते अर्पण केलेले असून त्याचा सण २४ जूनला, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर येतो. चर्च मासुंदा तलावालगत, ठाणे स्थानकाच्या पश्चिमेस आहे. पूर्वेस खाडीच्या अंगाला कोपरी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून आगगाडी ठाण्यास पोहोचली, पुढे मार्ग कल्याणकडे वाढला आणि गावाचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग पडले. येथील ख्रिस्ती परंपरा त्याच्या कितीतरी आधीची, खाडी हाच हमरस्ता असतानाची आहे.

या परंपरेचा सर्वांत जुना आणि सर्वांत विलक्षण भाग पोर्तुगीजांच्याही दोनशे वर्षे आधी घडला. १३२१ साली चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू ठाणे बंदरात उतरले: टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्री. बंदरात नेस्टोरियन या पूर्वेकडील पंथाच्या ख्रिस्त्यांची थोडी घरे होती, त्यांपैकी एका घरी ते राहिले. त्या घरातल्या नवराबायकोचे भांडण काझीपर्यंत गेले. साक्षीला बोलावलेल्या पाहुण्यांना धर्माविषयी प्रश्न विचारले गेले आणि त्यांच्या उत्तरांवरून प्रकरण चिघळले. एप्रिलमध्ये चौघांनाही ठार करण्यात आले. त्यांचा सोबती जॉर्डानस त्या वेळी भडोचच्या वाटेवर होता. दक्षिण फ्रान्समधील सेव्हराकचा हा डोमिनिकन पंथीय. बातमी कळताच तो परतला आणि त्याने मृतदेह सोपाऱ्याला नेऊन पुरले. लवकरच प्रवासी ओडोरिक याने त्यांच्या अस्थी उकरून समुद्रमार्गे चीनमधील झायतून बंदरी नेल्या. जॉर्डानसची पत्रे आणि ओडोरिकचे प्रवासवर्णन यांमुळे चौदाव्या शतकातले ठाणे युरोपच्या लिखित इतिहासात आले. फ्रान्समधल्या एका गावचा साधू, इटलीतले धर्मबंधू आणि कोकणचे बंदर यांचे हे नाते ठाणेकरांनी अधिक जिव्हाळ्याने सांगायला हवे.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, त्यात साष्टी बेट व ठाणे आले. फ्रान्सिस्कन आणि जेझुइट या दोन्ही संघांनी येथे काम केले, चर्चे उभी राहिली. या काळाची दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही: सक्तीची धर्मांतरे झाली, देवळे पाडली गेली, आणि मराठ्यांच्या वसई मोहिमेमागे तो रोषही होता. १७३७ मध्ये ठाणे मराठ्यांनी घेतले, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. शरणागतीच्या अटींत मात्र मागे राहणाऱ्या ख्रिस्त्यांना आपल्या धर्माप्रमाणे उपासना करण्याची मोकळीक होती. सत्ताधारी पोर्तुगीज गेले. शेत, मीठ, मासळी आणि हातमागावर जगणारी ख्रिस्ती रयत जागच्या जागी राहिली. ठाण्याचे रेशीम विणणारे विणकर पुष्कळसे याच समाजातले. १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतल्यावरही मिस्सा आणि बाप्तिस्मा चालूच राहिले.

चर्च टिकते ते अशा माणसांमुळे, हे साष्टीतल्याच मरोळच्या उदाहरणावरून दिसते. तेथील याच संताच्या नावाचे, १५७९ चे चर्च १८४० च्या साथीनंतर गावकऱ्यांनी सोडले आणि आज ते सीप्झ या निर्यात उद्योग वसाहतीच्या आवारात भग्नावस्थेत आहे.

पोर्तुगीज गेल्यावर धर्मसत्तेचा वाद मात्र लांबला. पोर्तुगालच्या राजाचा पाद्री नेमण्याचा हक्क मानणारे आणि थेट रोमच्या अधिकाराखालचे, असे दोन पक्ष होते. १८८६ मध्ये दमण धर्मप्रांत स्थापन होऊन साष्टीची जुनी चर्चे त्याच्याकडे गेली. १९२८ मध्ये तो मोडून ती मुंबईच्या धर्मप्रांतात आली.

दमण धर्मप्रांत स्थापन झाला त्याच सुमारास, १८८७ मध्ये, येथील मूळच्या कॅथलिकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. सरकारी आणि रेल्वेच्या नोकऱ्यांत गोवेकर व मंगळुरी ख्रिस्त्यांहून आपण वेगळे, इथलेच, हे त्यांना ठसवायचे होते. त्यांची घरची बोली मराठीच. लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवरून ‘उंबराचे पाणी’ आणायचे, गावाच्या वेशीवर खुरीस म्हणजे क्रूस पुजायचा, या चालीरीती शेजारच्या आगरी-कोळी वस्तीला परक्या वाटत नाहीत. ऑक्टोबरातल्या आगेरा या सणाला भाताची नवी लोंबरे चर्चमध्ये आणतात, फादर ती आशीर्वादित करतात आणि प्रत्येक घर आपापली जुडी देव्हाऱ्याशी लावते. खाचरांवर इमारती आल्या तरी सण पाळला जातो. लोंबरे आता आतल्या गावांतून मागवावी लागतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६० च्या दशकापासून, लॅटिनची जागा लोकभाषांनी घेतली आणि घरातली मराठी वेदीपर्यंत पोहोचली.