आडरस्त्यावर मिळालेले तिकीट आणि ट्रॅफिक स्कूल : कॅलिफोर्नियातील नियम काय आहेत?

कॅलिफोर्नियात वाहतुकीचा किरकोळ नियम मोडल्याबद्दल तिकीट मिळालेल्या चालकाला काही अटींवर एक सवलत मिळते. दंड भरून त्याने सुरक्षित वाहनचालनाचा एक छोटा अभ्यासक्रम पूर्ण केला, तर त्या चुकीचा पॉइंट विमा कंपनीच्या नजरेस पडत नाही. या अभ्यासक्रमाला ट्रॅफिक स्कूल म्हणतात. ही सवलत आपोआप मिळत नाही. ती ठरलेल्या तारखेच्या आत आणि योग्य न्यायालयाकडे मागावी लागते. तिकीट घरापासून दूर, ग्रामीण भागात मिळाले असेल तर नेमकी इथेच चूक होते.

तिकीट कोणत्या न्यायालयाचे?

कॅलिफोर्नियात ५८ काउंटी आहेत आणि प्रत्येकीचे स्वतंत्र सुपीरिअर कोर्ट आहे. चालक कुठे राहतो याला महत्त्व नसते. ज्या काउंटीत नियम मोडला, त्याच काउंटीच्या न्यायालयात प्रकरण जाते. बे एरियातून लॉस एंजेलिसला इंटरस्टेट ५ ने जाताना मर्सेड, फ्रेस्नो, किंग्ज, कर्न अशा शेतीप्रधान काउंटी लागतात. सॅन होजेला राहणाऱ्या मराठी कुटुंबाला सुट्टीच्या प्रवासात किंग्ज काउंटीत तिकीट मिळाले, तर पुढचा सगळा व्यवहार किंग्ज काउंटीच्या न्यायालयाशीच करावा लागतो.

तिकिटावर चालकाची सही घेतली जाते. ती गुन्ह्याची कबुली नसते. ठरलेल्या तारखेपर्यंत न्यायालयाला उत्तर देण्याचे ते वचन असते. नंतर न्यायालयाकडून टपालाने सूचनापत्र येते. त्यात दंडाची रक्कम आणि ट्रॅफिक स्कूलची सोय आहे की नाही हे लिहिलेले असते. मात्र पत्र मिळाले नाही, ही सबब चालत नाही. घर बदलले असेल तर दहा दिवसांच्या आत मोटार वाहन विभागाला, म्हणजे डीएमव्हीला, नवा पत्ता कळवणे बंधनकारक आहे. तो कळवला नसेल तर पत्र जुन्या घरी जाते आणि मुदत टळते.

आधी दंड भरला तर?

महाराष्ट्रात ई-चलनाची रक्कम भरली की विषय संपला, असे बहुतेकांना वाटते. त्याच सवयीने अनेक जण कॅलिफोर्नियातही संकेतस्थळावर जाऊन लगेच दंड भरून मोकळे होतात. पण ट्रॅफिक स्कूलचा पर्याय न निवडता दंड भरणे म्हणजे दोष मान्य करणे. त्यानंतर न्यायालय डीएमव्हीला कळवते आणि चालकाच्या नोंदीवर पॉइंट चढतो. म्हणून पैसे भरण्यापूर्वी, किंवा भरतानाच, ट्रॅफिक स्कूलचा पर्याय निवडणे आवश्यक असते.

एका पॉइंटने काय बिघडते?

वेगमर्यादा ओलांडणे, लाल दिवा तोडणे अशा साध्या चुकीला एक पॉइंट असतो आणि तो साधारण तीन वर्षे नोंदीवर राहतो. बारा महिन्यांत चार, चोवीस महिन्यांत सहा किंवा छत्तीस महिन्यांत आठ पॉइंट झाले, तर चालक निष्काळजी ठरतो आणि लायसन्स निलंबित होऊ शकते.

विम्याचा फटका त्याआधीच बसतो. सन १९८८ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रोपोझिशन १०३ नुसार विम्याचा हप्ता ठरवताना चालकाच्या नोंदीला पहिले महत्त्व दिले जाते. चांगल्या चालकाला किमान २० टक्के सवलत मिळते. पण तीन वर्षांत एकापेक्षा जास्त पॉइंट झाला की ती जाते. म्हणजे पहिल्या तिकिटाचा पॉइंट झाकला गेला नाही, तर दुसरे तिकीट फार महाग पडते.

ट्रॅफिक स्कूल कोणाला मिळते?

• चुकीला एकच पॉइंट असावा आणि मद्यपान किंवा अमली पदार्थांशी तिचा संबंध नसावा.
• आधी ज्या चुकीसाठी ट्रॅफिक स्कूल केले, तिच्या तारखेपासून १८ महिने उलटलेले असावेत. हा काळ दोन चुकांच्या तारखांमध्ये मोजतात, अभ्यासक्रमाच्या तारखेपासून नव्हे.
• वेग मर्यादेपेक्षा ताशी २५ मैलांहून जास्त नसावा. तसा असेल तर न्यायालयाचा कारकून परवानगी देऊ शकत नाही; न्यायाधीशांकडेच विनंती करावी लागते.
• चूक व्यावसायिक वाहन चालवताना झालेली नसावी. ट्रकचालकाने स्वतःच्या खासगी गाडीत चूक केली तर त्याला शाळा करता येते आणि पॉइंट धरला जात नाही, पण नोंद मात्र उघड राहते.

वेगाची अट ग्रामीण रस्त्यांवर सहज मोडली जाते. हायवे ३९५ वर लोन पाइन, इंडिपेंडन्स, बिशप अशी छोटी गावे थेट रस्त्यावरच वसलेली आहेत आणि गाव आले की वेगमर्यादा झपाट्याने खाली येते. समजा मर्यादा ६५ वरून ३५ मैलांवर आली आणि गाडी अजून ६२ वरच असेल, तर चालक मोकळ्या रस्त्याचा वेगही ओलांडत नसतो. तरीही तो २७ मैलांनी जास्त ठरतो आणि नेहमीचा मार्ग बंद होतो. दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यावर, वेगळी पाटी नसल्यास, मर्यादा ५५ मैल असते, हेही अनेकांच्या लक्षात राहत नाही.

खर्च किती?

ट्रॅफिक स्कूल केल्याने दंड माफ होत नाही. मर्यादेपेक्षा १ ते १५ मैल जास्त वेगासाठी मूळ दंड फक्त ३५ डॉलर आहे. पण राज्य आणि काउंटीचे अधिभार धरून रक्कम २०० डॉलरच्या वर जाते. त्यावर न्यायालयाचे ट्रॅफिक स्कूलसाठीचे शुल्क ५० डॉलरच्या आसपास असते आणि शाळेची फी वेगळी. ही रक्कम झेपत नसेल तर उत्पन्नानुसार दंड कमी करण्याची किंवा हप्त्यांची विनंती न्यायालयाकडे करता येते.

अभ्यासक्रम कसा पूर्ण करायचा?

वर्ग प्रत्यक्ष हजर राहून किंवा ऑनलाइन करता येतो. त्यामुळे तिकीट दोनशे मैलांवरच्या काउंटीत मिळाले तरी पुन्हा तिथे जावे लागत नाही. शाळा डीएमव्हीची परवानाधारक आहे का, हे फी भरण्यापूर्वी तपासावे. अभ्यासक्रमाच्या शेवटी परीक्षा असते. उत्तीर्ण झाल्यावर शाळा ती नोंद इलेक्ट्रॉनिक पद्धतीने डीएमव्हीला पाठवते. नोंद पोहोचल्याची खात्री मुदतीच्या आत करून घेणे चालकाच्याच हिताचे असते, कारण उशीर झाला तर पॉइंट चढतो आणि भरलेले शुल्कही वाया जाते.

१ जुलै २०११ पूर्वी शाळा पूर्ण केल्यावर प्रकरणच रद्द होत असे. आता दोष नोंदवला जातो, फक्त तो गोपनीय ठेवतात.

दोष मान्य नसेल तर?

त्यासाठीही दूरच्या काउंटीत जाणे सक्तीचे नाही. लेखी निवेदनावर सुनावणी मागता येते. त्यासाठी दंडाइतकी रक्कम आधी जमा करावी लागते. निर्दोष ठरल्यास ती परत मिळते. काहीच उत्तर न देणे हा मात्र सर्वांत वाईट पर्याय आहे. त्यावर १०० डॉलरपर्यंत जादा आकारणी होऊ शकते, आणि दिलेले वचन मोडणे हा स्वतंत्र, मूळ चुकीपेक्षा गंभीर गुन्हा ठरतो.

इतर राज्यांत हेच नियम आहेत का?

नाही. टेक्सासमध्ये सहा तासांचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर आरोपच रद्द होतो, पण ही सोय १२ महिन्यांतून एकदाच मिळते. त्यामुळे प्रवासात तिकीट मिळाल्यास आपल्या राज्याचा अनुभव गृहीत न धरता तिकिटावरील काउंटीचे नाव आणि तारीख आधी पाहावी.