जीआयपी ते वॉटर्लू

२५ मे २०२५ रोजी आमची साउथ वेस्टर्न रेल्वे सरकारी झाली. नेमके त्याच दिवशी रुळांचे काम निघाले आणि काही प्रवाशांना मधले अंतर बसने जावे लागले. टीकाकारांना आयताच विनोद मिळाला! मला मात्र कल्याणची आजी आठवली. ती शेवटपर्यंत मध्य रेल्वेला 'जीआयपी'च म्हणायची.

बोरीबंदर ते ठाणे, १६ एप्रिल १८५३, हे आपल्या सर्वांना पाठ असते. पण ती गाडी चालवणारी 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला' ही खाजगी कंपनी होती आणि तिचे संचालक लंडनला बसत, हे शाळेत कुणी फारसे सांगितले नाही. भागधारकांना भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी होती. उत्पन्न कमी पडले तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून. म्हणजे उधळपट्टी झाली तरी कंपनीला झळ नाही. १९०० मध्ये सरकारने रेल्वे विकत घेतली, तरी कारभार कंपनीकडेच ठेवला. तिसऱ्या वर्गाचे हाल आणि हिंदी माणसांना न मिळणाऱ्या वरच्या जागा, ही गाऱ्हाणी १९२०-२१ च्या ॲकवर्थ समितीपुढे आली. समितीत एकमत झाले नाही, पण इंग्रज अध्यक्षांनी कौल दिला तो सरकारी कारभाराला. कायदेमंडळातल्या हिंदी सभासदांनी तो विषय लावून धरला आणि १९२५ च्या मध्यात जीआयपी सरकारकडे आली. (व्हीटी-कुर्ला विजेची गाडी त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला सुरू झाली, ती कंपनीच्याच अमदानीत, हेही सांगायला हवे.)

इंग्लंडने स्वतःची रेल्वे १९४८ मध्ये सरकारी केली आणि १९९३ च्या कायद्याने पुन्हा खाजगी. थॅचरबाईंनीही ज्याला हात लावला नाही, ते जॉन मेजर यांनी केले. रूळ रेलट्रॅककडे, गाड्या चालवणारे वेगळे, डबे भाड्याने देणारे वेगळे, दुरुस्ती कंत्राटदारांकडे. एमएससी करताना मी या धोरणाची हिरिरीने बाजू घ्यायचो. स्पर्धा आली की काम सुधारते, असे माझे मत.

ते डळमळले हॅटफिल्डबद्दल वाचताना. १७ ऑक्टोबर २००० ला तिथे रूळ फुटून चार जण गेले. त्या रुळाला तडे आहेत हे आधीच माहीत होते. बदलायचा रूळ आणूनही ठेवला होता. बसवला मात्र नव्हता. माहिती एकाकडे, काम दुसऱ्याकडे, जबाबदारी तिसऱ्याकडे: आमच्या आयटीतल्या कंत्राटी कामांत हे मी रोज पाहतो, फक्त तिथे माणसे मरत नाहीत. अपघातानंतर देशभर शेकडो ठिकाणी गाड्या रांगू लागल्या, कारण कुठला रूळ किती खराब हे रेलट्रॅकलाच धड ठाऊक नव्हते. वर्षभरात रेलट्रॅक बुडाली.

खाजगी काळात प्रवासी दुपटीहून वाढले, हे मी आजही वादात सांगतो. पण सरकारी अनुदान काही थांबले नाही. आता २०२४ च्या कायद्याने एकेक कंपनी सरकारकडे येते आहे. तिकीट स्वस्त होईल असे त्या कायद्यात कुठे लिहिलेले नाही, आणि वॉटर्लूची सकाळची गाडी पूर्वीइतकीच भरलेली असते.