बिनतारी शक्तीची काटकसर

टोलनाक्यावर मोटार येते, काचेवर चिकटविलेल्या फास्टॅगच्या चिठ्ठीची ओळख पटते आणि आडवा दांडा वर उचलला जातो. त्या चिठ्ठींत बॅटरी नसते. नाक्यावरील यंत्र रेडिओलहरी सोडतें. तींतून मिळालेल्या अत्यल्प विजेवर चिठ्ठींतील सूक्ष्म मंडल जागें होतें आणि त्याच लहरीच्या परावर्तनानें आपला क्रमांक कळवितें. नित्य दिसणाऱ्या या गोष्टीमागें जवळजवळ दोनशें वर्षांचा इतिहास आहे.

त्याचें बीज फॅरडेच्या १८३१ च्या प्रयोगांत सांपडतें. एकाच लोखंडी कड्यावर गुंडाळलेलीं दोन वेटोळीं तारेनें जोडलेलीं नसतांहि, एकांतील प्रवाह सुरू वा बंद होतांच दुसऱ्यांत क्षणभर प्रवाह उमटला. पुढें १८८७-८८ च्या सुमारास हर्ट्झनें एका ठिणगीच्या लहरींनीं दूरच्या कड्याच्या फटींत दुसरी ठिणगी उडविली. ती इतकी बारीक होती कीं पाहण्यासाठीं खोलींत अंधार करावा लागे.

यापुढील इतिहास सांगतांना आमच्याकडे एक गफलत होते, आणि तिच्या दोषांतून आम्हीहि मुक्त नाहीं. जगदीशचंद्र बसूंनीं १८९५ सालीं कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें भिंतींपलीकडे विद्युल्लहरी पाठवून घंटा वाजविली व बंदुकीची दारू उडविली. ‘बसूंनीं तारेवांचून वीज पाठवून घंटा वाजविली,’ असें आम्ही वर्गांत कित्येक वर्षें सांगत आलों. वस्तुतः घंटेला लागणारी शक्ति तिच्या शेजारच्या बॅटरींत होती. लहरीनें ती मोकळी करण्याचा हुकूम तेवढा पोंचविला. हुकूम आणि रसद या दोन निराळ्या गोष्टी होत. बसूंचा मोठेपणा पहिलींत आहे, व तो लहान नाहीं. परंतु न केलेल्या पराक्रमाचें श्रेय पदरीं घालणें ही थोर पुरुषाची सेवा नव्हे.

रसदच पाठविण्याची प्रतिज्ञा टेस्लानें केली. १९०१ सालीं न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवर त्यानें वॉर्डनक्लिफचा मनोरा आरंभिला. मॉर्गननें दीड लक्ष डॉलर दिले आणि पुढें हात आखडला. १९१७ सालीं मनोरा पाडण्यांत आला. पैशाअभावीं डाव मोडला असें म्हणतात. तथापि मोकळ्या सुटलेल्या लहरीची तीव्रता, अंतर दुप्पट झालें कीं, चतुर्थांश उरते. टेस्लाची भिस्त पृथ्वीच्या वाहकत्वावर होती. पण तो मार्ग साध्य असल्याचें सिद्ध झालें नाहीं.

यश आलें तें लहान वाटेनें. शिशाच्या गॅलिना या खनिजाचा लहरी ओळखण्याकडे उपयोग करणाऱ्या साधनाचें पेटंट १९०४ सालीं अमेरिकेंत बसूंनाच मिळालें होतें. तशाच खनिजाच्या खड्यावर पुढें क्रिस्टल रेडिओ निघाला. येथें मात्र लहर हुकूम घेऊन येत नसे. तीच रसद होती. तिच्याच बळानें कानाला लावलेल्या यंत्राचा पडदा हाले. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें, तेव्हां केंद्राजवळ राहणारास अशा संचावर बॅटरीवांचून गाणें ऐकतां येण्याजोगें होतें. दूरच्या श्रोत्यास व्हाल्व्हचा संच घेणें भाग होतें.

या विद्येचा कपटानेंहि उपयोग झाला. ४ ऑगस्ट १९४५ रोजीं मॉस्कोंत सोव्हिएट मुलांनीं अमेरिकन राजदूतास एक लांकडी राजमुद्रा भेट दिली. तिच्या पोटांत थेरेमिननें रचलेलें, बॅटरी नसलेलें हेरयंत्र होतें. बाहेरून लहर सोडली कीं खोलींतलें बोलणें परावर्तित लहरीवर चढे. १९५२ सालीं तें उघडकीस आलें.

हर्ट्झच्या ठिणगीपासून फास्टॅगपर्यंत दूरवर पोंचणारी रसद फारशी वाढली नाहीं. भूक कमी झाली. आजच्या चिठ्ठींतील मंडल एका वॅटच्या सुमारें लक्षांश शक्तीवर चालतें. टेस्लानें देणाराचा हात मोठा करूं पाहिलें. कार्य झालें तें घेणाराची गरज घटविल्यानें. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही घरांतील वडील माणसांची शिकवण आम्ही अल्पसंतुष्टांची मानीत आलों. या इतिहासांत तरी तीच खरी संशोधकाची बुद्धि ठरली आहे.