मुंबईस उतरावें कोठें?

मुंबईस विमानानें येणाऱ्या पाहुण्यानें कोणत्या विमानतळावर उतरावें, हा प्रश्न २०२५ च्या डिसेंबरपासून येथें घरोघरीं विचारला जाऊं लागला आहे. त्या महिन्याच्या २५ तारखेस उलव्याजवळील नवी मुंबईचा विमानतळ उतारूंसाठीं खुला झाला आणि शहरास हवेंतून येण्याचें दुसरें दार उघडलें. तिकिटाच्या दरांतील फरक पाहून निवड करणारे पुष्कळ आढळतात. त्यांस मी दोष देत नाहीं. परंतु हा प्रश्न आजच उपस्थित झाला अशी जी समजूत आहे ती मात्र खरी नव्हे. मुंबईस विमानानें यावयाचें तर पाय कोठें टेकावेत, याचा विचार शंभर वर्षांपासून चालत आलेला आहे. पूर्वी त्याचें उत्तर उतारूस विचारून कोणी ठरवीत नसे, इतकेंच.

या इतिहासाचा आरंभ मुंबईच्या उपेक्षेनें होतो. सुएझचा कालवा १८६९ सालीं खुला झाल्यापासून विलायतेहून हिंदुस्थानांत येणाऱ्याचें पहिलें पाऊल मुंबईच्या धक्क्यावर पडावें, हा जणूं नियमच झाला होता. विमानानें तो मोडला. इंपीरियल एअरवेज या कंपनीनें १९२९ च्या मार्चअखेर लंडनहून सुरू केलेली सेवा कराचीस येऊन थांबे. आणि पुढें ती वाढली तीही जोधपूर, दिल्ली, अलाहाबाद या वाटेनें कलकत्त्याकडे. शाळेंतील नकाशावर सूत धरून पाहिलें म्हणजे कारण तत्काळ ध्यानांत येतें. युरोपांतून सिंगापुराकडे जाणारी जवळची वाट मुंबईवरून जातच नाहीं. तेव्हां त्या काळीं मुंबईस हवाई मार्गानें येणें म्हणजे कराचीस उतरून पुढें आगगाडींत किंवा बोटींत बसणें होय.

ही उणीव भरून निघाली ती १९३२ च्या ऑक्टोबरच्या १५ तारखेस. जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून एका एंजिनाचें पस मॉथ विमान टपालाच्या थैल्यांसह उडविलें, अहमदाबादेस तेल भरून घेतलें, आणि दुपारीं तें जुहूस उतरविलें. अहमदाबादेस हें तेल पत्र्याच्या डब्यांतून बैलगाडीनें येत असे! जुहूचा तळ १९२८ सालचा; आपल्या देशांतील नागरी विमानवाहतुकीचा आरंभ तेथलाच. पण तळ म्हणजे काय, तर समुद्रकांठची एक चिखलट सपाट जागा. पावसाळ्यांत भरती आली कीं तिची पातळी पाण्याच्याही खालीं जाई. मग काय करावें? दरवर्षीं मृग नक्षत्राच्या सुमारास टाटांची ती सारी संस्था, म्हणजे दोन-तीन विमानें, तितकेच वैमानिक व यांत्रिक, बिऱ्हाड आवरून घाट चढे आणि पुण्यास येरवड्याच्या तुरुंगाजवळील मैदानावर तळ ठोके. मुंबईचा विमानतळ पावसाळ्यापुरता पुण्यास असे, ही गोष्ट पुणेकर मंडळी अधिक वेळां सांगत नाहींत याचें मला नवल वाटतें. विनोद सोडला तरी त्यांतील तत्त्व ध्यानांत घेण्याजोगें आहे: विमान कोठें उतरणार हें त्या दिवसांत मुंबईच्या मोठेपणावर नव्हे, तर पायाखालील जमिनीवर ठरत होतें.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत सांताक्रूझ येथें ब्रिटिश वायुदलाचा याहून पुष्कळ मोठा तळ होता. १९४८ सालीं नागरी वाहतूक जुहूहून तेथें हलली. वायुदल जे हँगर मागें ठेवून गेलें, तेच डागडुजी करून प्रारंभीं उतारूंसाठीं वापरण्यांत आले. दोन्ही तळ शेजारीं शेजारीं, आणि त्यांच्या मुख्य धांवपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेच्या. वरून पाहणाऱ्याची फसगत व्हावी अशीच ही रचना. १९५३ च्या जुलैंत एका ब्रिटिश कंपनीचें कॉमेट जातीचें जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूस उतरलें. तें नऊ दिवसांनीं, भार कमी करून, तेथून उडवावें लागलें. १९७२ च्या सप्टेंबरांत एका जपानी कंपनीचें विमान तसेंच जुहूस उतरलें. आंखूड पट्टी त्यास पुरली नाहीं. विमानाचा चुराडा झाला. माणसें वांचलीं हें भाग्य.

पुढें सहारची इमारत झाली. दोन नांवें, दोन दरवाजे. पण धांवपट्ट्या त्याच दोन, आणि त्या एकमेकींस छेदतात, म्हणून एका वेळीं एकच उपयोगांत येते. चहूंबाजूंनीं घरें दाटलेलीं. नव्या जागेचा शोध येथूनच सुरू झाला. रेवस-मांडव्याचें नांव निघालें, मागें पडलें. अखेर पनवेलजवळची खाडीकांठची जागा निश्चित झाली. त्यासाठीं टेंकडी सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळविला, आणि चिंचपाडा, कोल्ही, तरघर, कोंबडभुजे इत्यादि दहा गांवें उठविलीं. येरवड्यास जमीन जशी होती तशी पाहून विमानें गेलीं. येथें विमानांसाठीं जमीनच बदलण्यांत आली. भातशेतीवर व खाडींतील मासळीवर पिढ्यान् पिढ्या जगलेल्या त्या कुटुंबांस "आपण कोठें उतरणार" असें विचारणारा कोणी नव्हता. तिकीट काढतांना एवढें स्मरणांत असावें, असें मला वाटतें.

आतां पाहुण्यांविषयीं. अंधेरी, पार्लें, बोरिवलीकडे जाणाऱ्यानें सहार-सांताक्रूझ सोडूं नये. २०२५ च्या ऑक्टोबरांत भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पूर्ण झाली आणि तिचीं स्थानकें दोन्ही इमारतींजवळ आहेत. गिरगांव, काळबादेवीकडील मंडळींनाही ती सोयीची. पनवेल, वाशी, अलिबाग येथें जाणाऱ्यानें, आणि पुण्याच्या उतारूनेंही, नव्या तळावर उतरावें. परळ-शिवडीकरांस २०२४ सालीं खुला झालेला जवळजवळ २२ किलोमीटरांचा अटल सेतु आहे, मात्र त्याचा पथकर तिकिटाच्या दरांत मिळवून मगच स्वस्त-महाग ठरवावें. ठाण्याच्या पाहुण्यास एकच एक उत्तर नाहीं. त्यानें विमान किती वाजतां उतरतें तें आधीं पाहावें, आणि सायंकाळचें असल्यास यजमानास जेवणासाठीं थांबूं नका असें कळवून ठेवावें.