बुडालेल्या कंपन्याच तेवढ्या बोलतात : अमेरिकेतले विमा नियामक आणि गोपनीयतेचा इतिहास

विमा कंपनी नियामकाला जी माहिती देते, त्यातली किती लोकांसमोर यावी? प्रश्न तसा कोरडा वाटेल. पण तुमचा संशोधनविषय बँका, औषधं, प्रदूषण अशा कुठल्याही सरकारी देखरेखीशी जोडलेला असेल, तर आज ना उद्या तो तुम्हाला अडवणारच. आज अमेरिकेतल्या विमा-नियंत्रणाचं उदाहरण घेऊ, कारण तिथे या प्रश्नाची दीडशे वर्षांहून जुनी वाटचाल सलग बघता येते.

आधी एक पायाभूत गोष्ट. अमेरिकेत विम्यावर मुख्यतः राज्यांची देखरेख असते, केंद्राची नाही. १८६९ साली 'पॉल विरुद्ध व्हर्जिनिया' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की विम्याचा करार हा व्यापार नव्हे, म्हणून तो केंद्राच्या अखत्यारीत येत नाही. १९४४ मध्ये न्यायालयाने हे मत बदललं. पण १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने काँग्रेसने नियंत्रण राज्यांकडेच राहू दिलं. त्यामुळे प्रत्येक राज्याचा वेगळा विमा कमिशनर, आणि सरकारी कागद कुणाला दाखवायचे याचा प्रत्येक राज्याचा वेगळा कायदा.

सुरुवात उघडपणाची

गंमत म्हणजे ही यंत्रणा गुपितं सांभाळायला जन्मलीच नव्हती. मॅसॅच्युसेट्सचे एलिझर राइट हे गणिताचे प्राध्यापक आणि गुलामगिरीविरोधी चळवळीतले कार्यकर्ते. १८४४ मध्ये ते लंडनला गेले होते. हप्ते भरणं न झेपणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या पॉलिसींचा तिथे चक्क लिलाव होताना त्यांनी पाहिला. विकत घेणाऱ्याचा फायदा तो म्हातारा लवकर मरण्यात! विमा कंपन्यांच्या हिशोबात लक्ष घालायला हवं, हे त्यांच्या मनाने तिथे घेतलं.

१८५८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायदा केला, की आयुर्विमा कंपनीकडे पुढची देणी भागवण्याइतका राखीव निधी आहे का, हे राज्य स्वतः मोजणार. राइट कमिशनर झाले. त्यांची पद्धत आजच्या भाषेत सांगायची तर अशी: बारीकसारीक माहिती आत घ्यायची, गणित करायचं, आणि कंपनीनिहाय निकाल वार्षिक अहवालात छापून टाकायचा. या आकडेमोडीसाठी त्यांनी 'अरिथमीटर' नावाचं दंडगोलाकार गणनयंत्रही बनवलं. त्यांच्या हातातलं मोठं हत्यार दंड किंवा तुरुंग नव्हतं, प्रसिद्धी होती. लोकांना आकडे दिसले की लबाड कंपनी आपोआप उघडी पडेल, हा त्यामागचा विश्वास.

१८७१ मध्ये राज्यांचे विमा अधिकारी न्यू यॉर्कमध्ये एकत्र आले. आजची 'नॅशनल असोसिएशन ऑफ इन्शुरन्स कमिशनर्स', म्हणजे एनएआयसी, ही त्याच बैठकीतून उभी राहिली. सगळ्या राज्यांत वार्षिक विवरणाचा फॉर्म एकसारखा असावा, हे सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी एक होतं.

फॉर्ममध्ये न मावणारं

पण फॉर्म काय सांगतो? ३१ डिसेंबरला तिजोरीत काय होतं ते. ३० तारखेला काय होतं, ते नाही.

१९०५ मध्ये न्यू यॉर्क विधिमंडळाच्या आर्मस्ट्राँग समितीने बड्या आयुर्विमा कंपन्यांची चौकशी केली. समितीचे वकील चार्ल्स इव्हान्स ह्यूज पुढे राज्याचे गव्हर्नर आणि नंतर देशाचे सरन्यायाधीश झाले. त्यांच्या उलटतपासणीत निघालेली एक गोष्ट बघा. न्यू यॉर्क लाइफने आपल्याकडचे सुमारे ८ लाख डॉलरचे रोखे वर्षाच्या शेवटच्या दिवशी जे. पी. मॉर्गनच्या पेढीला 'विकले' आणि नवीन वर्ष उजाडताच परत घेतले. व्यवहार घडवणारे जॉर्ज पर्किन्स विमा कंपनीचे उपाध्यक्ष होते आणि त्या पेढीचे भागीदारही. राजकीय पक्षाला दिलेले पैसेही याच चौकशीत बाहेर आले. वार्षिक विवरणं दरवर्षी भरली जात होती, तरीही हे झालं.

म्हणजे नुसता छापील फॉर्म पुरत नाही. कंपनीत जाऊन वह्या तपासायला हव्यात, अडचणीचे प्रश्न विचारायला हवेत. आणि इथेच पेच सुरू होतो. डॉक्टर रुग्णाची केस सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावणार असेल, तर रुग्ण त्याला काय काय सांगेल?

'आम्हाला सांगा, बाहेर जाणार नाही'

विसाव्या शतकात हळूहळू हा सौदा पक्का होत गेला. त्याचं सगळ्यात स्पष्ट रूप १९९० नंतर दिसतं. फेब्रुवारी १९९० मध्ये जॉन डिंगेल यांच्या संसदीय उपसमितीने 'फेल्ड प्रॉमिसेस' हा अहवाल काढून बुडालेल्या विमा कंपन्यांचा पंचनामा केला आणि राज्यांच्या देखरेखीवर कडक टीका केली. पुढच्याच वर्षी एक्झिक्युटिव्ह लाइफ आणि म्युच्युअल बेनिफिट लाइफ या दोन मोठ्या कंपन्या नियामकांना ताब्यात घ्याव्या लागल्या. दोन्हीकडे घाबरलेले पॉलिसीधारक पैसे काढून घेत होते. आपल्याकडे बँकेबाहेर रांगा लागतात, तोच प्रकार. अफवेनेही तग धरू शकणारी कंपनी बुडू शकते, ही भीती खरी आहे.

मग 'जोखीम-आधारित भांडवल' ही पद्धत आली. कंपनीच्या जोखमीनुसार किमान भांडवल ठरतं. प्रत्यक्ष भांडवल त्या आधारपातळीच्या २०० टक्क्यांखाली गेलं, की कंपनीने सुधारणेची योजना द्यायची. ७० टक्क्यांखाली गेलं, तर नियामकाने ताबा घेणं बंधनकारक. एनएआयसीच्या आदर्श कायद्यानुसार यातला सविस्तर अहवाल आणि सुधारणेची योजना गोपनीय. हे गुणोत्तर ज्या दोन आकड्यांवरून निघतं, ते वार्षिक विवरणात छापलेले असतात. म्हणजे भागाकार कुणालाही करता येतो. पण कंपनीने किंवा एजंटाने त्याची जाहिरात करायला बंदी!

२००८ मध्ये एआयजीला वाचवायला फेडरल रिझर्व्हला ८५ अब्ज डॉलरचं कर्ज द्यावं लागलं. त्यानंतर, २०१२ च्या आदर्श कायद्याने मोठ्या कंपन्यांवर 'ओर्सा' अहवालाची सक्ती आणली. यात कंपनी आपल्याला कसली भीती वाटते, हे स्वतःच्या शब्दांत लिहून देते. या अहवालाला माहिती अधिकाराखालच्या अर्जापासून संरक्षण आहे, समन्सपासून आहे आणि खाजगी दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून वापरण्यापासूनही आहे. राइट यांच्या छापील अहवालापासून आपण इथवर आलो.

नमुना बिघडतो तो इथे

आता संशोधनाच्या अंगाने बघू. मी मूळचा विज्ञानाचा विद्यार्थी, त्यामुळे मला यात आधी नमुना-निवडीचा दोष दिसतो.

समजा, नियामकाने बंद दाराआड एका डळमळीत कंपनीला सावरलं. बाहेर काहीच दिसत नाही. कागद कपाटात राहतात. दुसऱ्या ठिकाणी नियामकाने डोळेझाक केली आणि कंपनी बुडाली. मग न्यायालय, अवसायक, संसदीय समिती सगळे येतात, आणि त्या कंपनीचे बरेच कागद उघडे पडतात. परिणाम काय? गोपनीय देखरेखीचा जो इतिहास आपल्याला लिहिता येतो, तो मुख्यतः अपयशांचा असतो. फक्त शवविच्छेदनाच्या अहवालांवरून रोगी बरे होण्याचं प्रमाण काढण्यासारखं आहे हे.

आणि हा दोष दोन्ही बाजूंना लागू होतो. 'गोपनीयतेमुळे कंपन्या वाचतात' म्हणणाऱ्या नियामकाकडे दाखवायला पुरावा नाही, कारण पुरावाच गोपनीय. 'गोपनीयतेमुळे घोटाळे दडतात' म्हणणाऱ्याकडे फक्त फुटलेले घोटाळे आहेत. मध्ये अडकतो तो तीस वर्षं हप्ते भरणारा माणूस. त्याने दोघांपैकी कुणावर तरी विश्वास ठेवायचा, एवढंच त्याच्या हातात.

मुदत हवी

माझं मत असं, की चालू कंपनीच्या बाबतीत काही काळ गुप्तता ठेवणं समजण्यासारखं आहे. कायमची गुप्तता नाही. अमेरिकी जनगणनेतली व्यक्तिगत माहिती ७२ वर्षांनी खुली होते. वर सांगितलेल्या विमा-नियंत्रणाच्या कलमांत मात्र अशी मुदत घातलेली नाही. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या सुधारणा-योजनेमुळे आज कुठली रांग लागणार आहे?

आपल्याकडचं याचं नातं लक्षात ठेवा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१) मध्ये व्यापारी गुपित आणि विश्वासाश्रित नात्यातली माहिती यांना सूट आहे. २०१५ मध्ये 'रिझर्व्ह बँक विरुद्ध जयंतीलाल मिस्त्री' निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की रिझर्व्ह बँकेचं बँकांशी असं विश्वासाश्रित नातं नाही, तिचं कर्तव्य जनतेशी आहे. शिवाय कलम ८(३) नुसार २० वर्षांपूर्वीच्या घटनांबाबत या दोन्ही सवलती लागू राहत नाहीत. संशोधकांच्या कामाचं हे कलम आहे, वापरा.

कुठल्याही नियामकाची आकडेवारी हातात आली, की तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा. ही माहिती कुणी दिली? देताना तिला कसलं वचन मिळालं होतं? आणि ते वचन कुणाच्या बुडण्यामुळे मोडलं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, तर तुमचा नमुना कुठल्या बाजूला कललाय ते कळेल. प्रबंधात तो कल लपवू नका. पद्धतीच्या प्रकरणात सरळ लिहून टाका.